गीझरचं बटण बंद, तरी आरसीसीबी पडतोच : एका जुन्या फ्लॅटमधलं प्रकरण

वायरिंगची कामं करून मला वीसेक वर्षं झाली. हे प्रकरण लिहायचं कारण म्हणजे यात एकामागे एक तीन बिघाड लपलेले होते, आणि प्रत्येक वेळी एक बिघाड काढला की घरच्यांना वाटायचं त्रास वाढला. त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे, तीही खाली लिहिलीय. नावं, बिल्डिंग वगैरे काढून टाकलंय.

पार्श्वभूमी

पुण्यातली जुनी सोसायटी, तिसरा मजला, टू बीएचके, बिल्डिंगला पस्तीस वर्षं तरी झाली असतील. घरात काका-काकू दोघंच, मुलगा-सून बंगळुरूला. सिंगल फेज, २३० व्होल्ट. मुळात किटकॅट फ्यूज होते, ते मध्ये कधीतरी काढून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) बसवले, पण वायर त्याच राहिल्या. जुन्या काळी व्हायचं तसं लाइट-फॅनच्या पॉइंटला दोनच वायर, पावर पॉइंटला मात्र तिसरी अर्थिंगची तार ओढलेली.

बाथरूम आठ-नऊ वर्षांपूर्वी नवीन केलं तेव्हा लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले, आणि १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर लावला. पाणी बोअरचं आणि टँकरचं मिक्स, बादलीला पांढरा थर धरतो असं. अर्थिंगचा खड्डा खाली मीटर रूमच्या बाजूला होता. होता म्हणतोय कारण सोसायटीने पार्किंगला पेव्हर ब्लॉक टाकले तेव्हा तो त्याखाली गेला, आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

त्रास काय होता

जूनमध्ये काकूंना आंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की बोटांना मुंग्या यायला लागल्या. शॉक असा नाही, नुसत्या झिणझिण्या, आणि त्याही गीझर चालू असतानाच. मग घरात नियम झाला की गीझर बंद करूनच आंघोळीला जायचं, आणि रबरी चप्पल घालूनच नळाला हात लावायचा. दोन आठवडे असंच चाललं. मला हे नंतर कळलं तेव्हा मी काकूंना विचारलं की अहो लगेच कुणाला का नाही बोलावलं, तर म्हणाल्या "थोडंसंच तर येत होतं."

मग जवळच्या एका वायरमनला बोलावलं. त्याने नळाला टेस्टर लावला, पेटला, त्याने गीझरचा सॉकेट उघडून काहीतरी केलं आणि झिणझिण्या गेल्या. दहा मिनिटांचं काम, सगळे खूश.

ऑगस्टमध्ये मुलाने कुठेतरी वाचून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडून घराची वीज तोडणारा स्विच) ऑनलाइन मागवला आणि त्याच वायरमनकडून बसवून घेतला. तो बसला आणि घराची झोप उडाली, कारण संध्याकाळी इस्त्री लावली की पडतो, गीझर लावला की पडतो, सकाळी कधी टिकतो कधी नाही. वायरमन म्हणाला पीस फॉल्टी आहे, काढून टाका. आणि गणपती चार दिवसांवर, मुलगा-सून नातवाला घेऊन येणार, आरास व्हायची, माळा लागायच्या. त्या दिवशी मला फोन आला, तोही "जरा काढून द्या हो तो" एवढ्यासाठीच.

आधी आरसीसीबी काय बघतो ते

एमसीबी आणि आरसीसीबी यात बऱ्याच जणांचा घोळ होतो म्हणून थोडं थांबतो. करंट एका वायरने जातो आणि दुसऱ्याने परत येतो, फेजने गेला की न्यूट्रलने आला, सर्किट म्हणजे हा फेरा. एमसीबी फक्त बघतो की जाणारा करंट फार जास्त तर नाही ना. गीझर २००० वॅटचा म्हणजे पावणेनऊ अँपिअर घेणार, १६ चा एमसीबी त्याला काही म्हणणार नाही. पण माणसाच्या अंगातून जायला २०० मिलीअँपिअरही गेले तर जीव जाऊ शकतो, आणि एवढासा करंट १६ अँपिअरच्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. तो वायर जळू नये म्हणून आहे, माणूस वाचवायला नाही.

आरसीसीबीचं काम वेगळं. लग्नात पंगतीला गेलेली ताटं आणि घासायला परत आलेली ताटं मोजणारी एखादी मावशी असते ना, किती वाढली, कुणाला वाढली याच्याशी तिला घेणंदेणं नाही, पण गेली तेवढी परत आली का एवढंच ती बघते. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने आलेला यात ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो तोडतो, खरं तर १५ च्या पुढे कधीही तोडू शकतो. फरक पडला याचा अर्थ करंट तिसऱ्याच कुठल्या वाटेने जमिनीत चाललाय, आणि ती वाट म्हणजे माणूसही असू शकतो.

म्हणून आरसीसीबी सारखा पडत असेल तर माझा पहिला अंदाज "पीस फॉल्टी" हा नसतो. फॉल्टी पीस असतात, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा तो बरोबर सांगत असतो आणि आपल्याला ते ऐकायचं नसतं.

पहिली भेट

गीझरच्या सॉकेटमध्ये मल्टीमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ ०.०. काका बाजूला उभे होते, म्हणाले "म्हणजे सगळं बरोबर आहे." मला त्या ०.० नेच खटकलं. चालू घरात न्यूट्रलमधून करंट वाहत असतो, त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्टचा फरक असतोच, लोड वाढला की आणखी वाढतो. अगदी शून्य येतंय म्हणजे मी एकाच तारेची दोन टोकं मोजतोय.

मेन बंद करून सॉकेट उघडला. न्यूट्रलच्या टर्मिनलमधून काळ्या वायरचा बोटभर तुकडा अर्थच्या टर्मिनलला जोडलेला. जूनमधलं दहा मिनिटांचं काम ते हेच.

हा जंपर लावल्यावर झिणझिण्या जातात हे खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रकार इतका चालतो. गळती थांबलेली नसते, तिला परत जायला न्यूट्रलची वाट मिळालेली असते. पण आता गीझरची बॉडीच न्यूट्रलला जोडली गेली, आणि घरातली अर्थिंगची तार एकच असल्यामुळे फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सरचा पॉइंट, सगळ्यांच्या बॉड्या न्यूट्रलला. उद्या खाली मीटरपाशी न्यूट्रल लूज झाला, जुन्या बिल्डिंगमध्ये होतोच, तर घरातला एखादा चालू पंखा किंवा फ्रिज यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि तिथून जंपरमधून थेट फ्रिजच्या दरवाज्यावर. एमसीबी पडणार नाही. जून ते ऑगस्ट हे घर त्या अवस्थेत होतं, आणि आरसीसीबी तर तेव्हा नव्हताच.

जंपर काढला. मग अर्थिंग तपासलं. माझ्याकडे १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब होल्डरमध्ये लावून ठेवलेला आहे, जपून ठेवलाय, एलईडी या कामाला चालत नाही कारण तो मेलेल्या अर्थवरही झकास पेटतो. आरसीसीबीच्या आधीच्या फेजवरून आणि अर्थवरून तो लावला (हे घरी करू नका, खरंच), तर कंदिलासारखा मिणमिणता पेटला. मल्टीमीटरवर फेज-अर्थ २२९ होतं ते बल्ब लावल्यावर १६० च्या आसपास आलं. म्हणजे ७० व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच खाल्ले गेले, बल्बमधून साधारण ०.३५ अँपिअर जाताना, म्हणजे अर्थिंगचा रेझिस्टन्स २०० ओहमच्या घरात. तो एक आकडी असायला पाहिजे होता, आणि तेही भर पावसाळ्यात, जमीन ओली असताना.

नुसत्या मल्टीमीटरने २२९ दाखवलं तर कुणीही म्हणेल अर्थिंग ओके. मीटर जवळपास करंटच घेत नाही, त्यामुळे कमजोर तारही त्याला पुरते. वजन टाकून बघितल्याशिवाय दोरी कळत नाही तसं आहे हे.

आता इस्त्रीचंही कळलं. इस्त्री किंवा गीझर लावला की न्यूट्रल दोन-चार व्होल्टने वर उचलला जातो, त्यातला थोडा करंट जंपरमधून अर्थला पळायचा, चार व्होल्ट भागिले २०० म्हणजे वीसेक मिलीअँपिअर, अगदी काठावर. संध्याकाळी आख्ख्या बिल्डिंगचा लोड असतो म्हणून तेव्हा जास्त.

जंपर काढल्यावर इस्त्री लावली, आरसीसीबी टिकला. गीझर लावला, क्षणात पडला. म्हणजे गीझरमध्ये गळती आहे हे नक्की.

पर्याय काय होते

काकांचं म्हणणं सरळ होतं, गणपती होईपर्यंत आरसीसीबी काढा, मग बघू. चार दिवसांचा प्रश्न, घरात पाहुणे, मी समजू शकतो. पण त्या चार दिवसांत एक अडीच वर्षांचं पोर ओल्या बाथरूममध्ये खेळणार होतं, आणि अर्थिंग २०० ओहमचं. हे मी तसंच सांगितलं.

वायरमनने फोनवर दुसरा सुचवला, ३० च्या जागी १०० मिलीअँपिअरचा लावा, कमी पडेल. पडेल कमी हे बरोबर आहे, पण १०० किंवा ३०० चे मुख्यतः आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी ३० चाच, त्यामुळे तो पर्याय लगेच बाद केला.

तिसरा, फक्त नवीन गीझर घ्या. स्वस्त आणि पटकन. पण अर्थिंग मेलेलंच राहणार, पुढच्या गीझरची कॉइल गेली की पुन्हा पहिले पाढे. आता कुणी विचारेल, आरसीसीबी आहे ना मग अर्थिंग कशाला? अर्थिंग नसेल तर बॉडीवर फेज येऊन नुसता बसून राहतो, आरसीसीबीला कळतच नाही कारण करंट कुठे जातच नाही, कळतं ते माणसाने हात लावल्यावर, माणसातून गेल्यावर. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधीच पडतो. आणि उलटंही खरं, नुसत्या अर्थिंगवर भागत नाही, कारण खड्डा तीन ओहमचा धरला तरी पक्का फॉल्ट झाल्यावर पन्नास-साठ अँपिअरच वाहणार, आणि सी टाइपचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला ८० च्या वर लागतात, तोपर्यंत तो काही सेकंद गरम होत बसणार.

चौथा, घराचं संपूर्ण रीवायरिंग. करायला पाहिजेच कधीतरी, पण गणपतीच्या तोंडावर भिंती फोडा असं मी कुणाला सांगणार.

शेवटी ठरलं ते असं : आरसीसीबी तसाच ठेवायचा, गीझर वापरायचा नाही, पाणी गॅसवर तापवायचं, आणि गणपती झाल्यावर अर्थिंगचं सोसायटीकडून करून घ्यायचं, मग गीझर उघडायचा. काकूंची थोडी नाराजी होती, मोदकांची उकड आणि आंघोळीचं पाणी एकाच शेगडीवर म्हणजे काय ते त्याच जाणे.

सोसायटीकडे

खड्डा सोसायटीचा, त्यामुळे सेक्रेटरींना गाठलं. पहिलं उत्तर अपेक्षित होतं, "एका फ्लॅटसाठी पेव्हर ब्लॉक उचलायचे का?" वाद घालत बसलो नाही, त्याच विंगमधल्या आणखी दोन घरांत त्यांच्यासमोर बल्ब लावून दाखवला. दोन्हीकडे मिणमिणता, आणि त्यातलं एक घर सेक्रेटरींचंच. आठ दिवसांत मंजूर झालं.

ब्लॉक उचलले तर खड्ड्यापर्यंत येणारी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी जॉइंटपाशी गंजून कागदासारखी झालेली, हाताने तुटली. आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे नवीन खड्डा घेतला, तीन मीटरचा रॉड, वर झाकण असलेला चेंबर म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको, आणि तिथून मीटर रूमपर्यंत नवीन पट्टी. अर्थ टेस्टरवर ३.२ ओहम आलं. पावसाळ्यातलं रीडिंग आहे, उन्हाळ्यात परत मोजू, असं रजिस्टरमध्ये लिहून ठेवायला लावलं.

आणि मग त्रास वाढला

दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन. "अहो तुम्ही अर्थिंग चांगलं केलं म्हणता, आता तर इस्त्री लावली की हमखास पडतोय. आधी बरं होतं." आणि गीझर? "तो बंदच आहे, तुम्ही सांगितल्यापासून बटणाला हात लावलेला नाही."

इथे मी चुकलो. गीझर बंद आहे म्हणजे तो यात नाही असं धरून मी बाकी सगळीकडे शोधत बसलो, इन्व्हर्टरवर संशय घेतला, कारण इन्व्हर्टर लावताना दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र करून ठेवतात आणि त्याने आरसीसीबी पडतो हे नेहमीचं, त्याच्या वायरी सोडवल्या, इस्त्री बदलून बघितली, दोन तास गेले. शेवटी कंटाळून गीझरचा प्लग उपटला आणि इस्त्री लावली. टिकला. प्लग परत घातला, बटण बंदच, इस्त्री लावली. खट्.

बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल सॉकेटमधून थेट गीझरच्या कॉइलला जोडलेलाच राहतो. कॉइल फुटून तिचा पाण्याशी, म्हणजे बॉडीशी, म्हणजे अर्थशी संबंध आला असेल तर बटण बंद असतानाही न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले असतात, जंपरसारखेच, फक्त जंपर आता गीझरच्या पोटात. अर्थ २०० ओहमचा होता तोपर्यंत त्या वाटेने फार काही जात नव्हतं. अर्थ ३ ओहमचा झाला, वाट मोकळी झाली, इस्त्री लागून न्यूट्रल जरा उचलला गेला की पन्नास-साठ मिलीअँपिअर पळाले. म्हणजे अर्थिंग सुधारल्यामुळेच तो पडत होता, आणि बरोबर पडत होता.

गीझर खाली उतरवून कॉइल काढली. क्षारांचा चुन्यासारखा थर, करंगळीएवढी जाड झालेली, आणि एका वळणावर केसासारखी चीर. दोन टोकांमध्ये मोजलं तर २६-२७ ओहम, हे बरोबर, २००० वॅटला एवढंच येतं. पण फेजच्या टोकापासून बाहेरच्या नळीपर्यंत साधारण ७० आणि न्यूट्रलच्या टोकापासून ५६-५७. तिथे मेगाओहम यायला पाहिजेत. आकडा हलत होता, ओलसर होतं आत, पण फरकावरून कळतं की चीर न्यूट्रलच्या बाजूने साधारण पाव अंतरावर होती.

काकूंना नुसत्या झिणझिण्या का आल्या तेही यातच आहे. पाव अंतरावर म्हणजे चिरेपाशी २३० चा पाव, पंचावन्न-साठ व्होल्ट, आणि तेही पाण्यातून, प्लास्टिकच्या पाइपातून अडत अडत नळापर्यंत आलेले. तीच चीर फेजच्या टोकाकडे असती तर तिथे पावणेदोनशे असते. "थोडंसंच तर येत होतं" हे चीर कुठे पडली त्याचं नशीब होतं.

निकाल

टाकी आतून गंजत आली होती म्हणून कॉइल न बदलता गीझरच नवीन घेतला. त्याच्यासाठी २० अँपिअरचं डीपी बटण बसवलं, जे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतं. डीबीपासून (एमसीबी असतात त्या पेटीपासून) गीझरपर्यंत वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि हिरवी अर्थ वायर ओढली, केसिंगमधून, भिंत न फोडता. त्यानंतर आरसीसीबी फक्त टेस्टचं बटण दाबलं की पडतो. ते महिन्यातून एकदा दाबायचं काम काकांकडे आहे, पेपरचं बिल देतात त्या दिवशी.

विंगमधल्या बाकीच्या घरांचे सॉकेट नंतर उघडून बघितले तर आणखी तीन घरांत तसाच काळ्या वायरचा तुकडा निघाला, तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

परत करायचं तर

पहिल्याच भेटीत गीझर "वापरू नका" असं न सांगता प्लग काढून वर टेप मारायला पाहिजे होती. दोन तास वाचले असते हे एक, पण मुख्य म्हणजे ते चार दिवस घरात पोर होतं आणि बटण चुकून दाबलं जाणं ही काही अशक्य गोष्ट नव्हती. आरसीसीबी होता म्हणून निभावलं असतं, पण एकाच खटक्यावर सगळं सोडायला नको होतं.

दुसरं, त्याच दिवशी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बरोबर नेऊन गीझर सुटा तपासायला हवा होता. जंपर सापडल्याच्या आनंदात तो आळस झाला. एक बिघाड सापडला की आपण शोधणं थांबवतो, माझंही तेच झालं.

तिसरं, काकांना आधीच सांगून ठेवायला हवं होतं की अर्थिंग नीट झाल्यावर लपलेल्या गळत्या बाहेर येतील आणि काही दिवस आरसीसीबी जास्त पडेल. ते न सांगितल्यामुळे त्यांचा विश्वास उडत आला होता, "काढून टाका" परत एकदा ऐकावं लागलं.

त्या जूनमधल्या वायरमनला मी भेटलो, चिडून नाही. त्याला खरंच वाटत होतं की न्यूट्रल आणि अर्थ एकच, "डीपीला दोन्ही एकत्रच असतात की". डीपीला म्हणजे बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरला असतात, खरंय. पण तिथून घरापर्यंत येणारी न्यूट्रलची तार मध्येच तुटू शकते हा भाग त्याला कुणी सांगितला नव्हता. त्याला काळ्या तुकड्याचा फोटो दाखवला आणि कागदावर काढून दिलं, बघत राहिला, मग म्हणाला असे बरेच केलेत मी. त्यातली आठवतील ती घरं तो उघडून बघतोय, दोनदा मला बोलावलं, बल्ब घेऊन.

मे महिन्यात खड्डा परत मोजला, ४.६ आलं.